सकाळी ७६, दुपारी ५४: मग घरातली खरी आर्द्रता कोणती?

पत्र: काका, दोन महिन्यांपूर्वी कपाट आवरताना चामड्याच्या पर्सवर पांढरट-हिरवी बुरशी दिसली, म्हणून आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र आणलं. तेव्हापासून घरात रोज वाद. सकाळी ते २२ अंश आणि ७६ टक्के दाखवतं, दुपारी २८ अंश आणि ५४ टक्के. मधल्या वेळात मी काहीही केलेलं नसतं. ४० ते ६० टक्के चांगले, असं सगळीकडे वाचते. नवरा म्हणतो, खिडक्या सताड उघड्या ठेव, ओल निघून जाईल. मला वाटतं ओल बाहेरूनच येते, म्हणून मी त्या लावून घेते. सासऱ्यांना धुळीची अ‍ॅलर्जी आहे. मुलाला सर्दी झाली की ह्युमिडिफायर लावतो, कारण कुणीतरी तसं सांगितलं. यंत्र खराब आहे का? खिडक्यांचं कोण बरोबर? आणि ओल खेचणारं ते महागडं डीह्युमिडिफायर घ्यावं का?
— आकड्यांनी भंडावलेली

उत्तर: तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. असलंच तर थोडंफार चुकत असेल, आणि ते घरच्या घरी तपासायची युक्ती पुढे सांगतो. आधी एका गोष्टीसाठी शाबासकी: तुम्ही टक्क्यांबरोबर तापमानही लिहिलंत. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत नुसते टक्के असतात. मुलगा शाळेतून येऊन ‘सत्तर मिळाले’ म्हणाला की आपण लगेच विचारतो, ‘कितीपैकी?’ आर्द्रतेच्या आकड्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हवेतली वाफ दिसत नाही, पण तिचं वजन सांगता येतं. २२ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १९.४ ग्रॅम वाफ राहू शकते. त्याच्यावर गेली की तिचं पाणी होतं. तुमची सकाळ ७६ टक्क्यांची, म्हणजे १९.४ पैकी साधारण १४.७ ग्रॅम. दुपारी खोली २८ अंशांवर गेली, तिथली कमाल मर्यादा २७.२ ग्रॅम. त्याचे ५४ टक्के काढा. पुन्हा १४.७! घरातलं पाणी होतं तेवढंच राहिलं, फक्त ‘कितीपैकी’ बदललं. म्हणूनच या मोजमापाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. (भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी: हवा वाफ ‘धरून ठेवत’ नाही, मर्यादा ठरते ती तापमानाने, हे मला मान्य आहे. पत्राच्या उत्तरात एवढं चालवून घ्या.)

आता हे १४.७ ग्रॅम म्हणजे किती? चार मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशी खोली धरा. छत्तीस घनमीटर हवा. तिच्यात सगळं मिळून जेमतेम अर्धा लिटर पाणी. मला स्वतःला हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा पटेना, दोनदा करून पाहिला. आपण ज्याला दमट खोली म्हणतो तिच्या हवेतलं पाणी एका लहान बाटलीत मावतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टक्के असे तापमानाबरोबर वरखाली नाचत असतील तर धरायचं काय? दवबिंदू. हवा गार होत होत ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन बसायला लागते, ते तापमान. तुमच्या सकाळच्या आणि दुपारच्या, दोन्ही आकड्यांचा दवबिंदू साडेसतरा अंशांच्या आसपास येतो. खोली तापली काय, निवली काय, पाणी तेवढंच असेल तर दवबिंदू जवळपास जागचा हलत नाही.

तो डोळ्यांनी बघायचा असेल तर एक प्रयोग करा, मुलालाही मजा येईल. पातळ स्टीलचं भांडं बाहेरून कोरडं पुसून घ्या, त्यात खोलीतल्या तापमानाचं पाणी भरा. बर्फाचे छोटे तुकडे एकेक करून टाका आणि साध्या थर्मामीटरने हलकेच ढवळत राहा. (ताप मोजायचा थर्मामीटर नको, तो ३५ अंशांच्या खालचं काही सांगणार नाही.) भांड्यावर तोंडाची वाफ पडू देऊ नका. एका क्षणी चकचकीत स्टील मंद होईल. बोट फिरवलंत की मागे लख्ख रेघ उमटेल. तेव्हाचं तापमान लिहा. मग बर्फ न टाकता थांबा, धुरकटपणा जाईल तेव्हाचं तापमान लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमच्या घराचा दवबिंदू.

त्या भांड्याने जे केलं तेच तुमच्या कपाटाच्या मागची भिंत करते, फक्त हळू. तुमची पर्स तिथेच अडकली. ते कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. पहाटे खोली २२ अंशांवर असताना ती भिंत १९ वर असू शकते, कारण कपाटाने तिला खोलीच्या उबेपासून तोडलेलं असतं आणि मागून हवा फिरत नाही. १९ अंशांना कमाल वाफ १६.३ ग्रॅम. तुमचे १४.७ त्यात बसवा. खोलीत ७६ टक्के, पण कपाटामागे ९० टक्के! बुरशीला पाण्याचे थेंब लागत नाहीत. पृष्ठभागालगत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की तिला पुरतं, आणि चामडं, कागद, लाकूड, भिंतीचा रंग, धूळ हे सगळं तिचं खाद्य. तुम्ही यंत्र ठेवलं असणार दिवाणखान्यातल्या टेबलावर, आणि बुरशी राहते कपाटामागे. तेव्हा आज रात्री ते यंत्र कपाटात, मागच्या फळीला लागून ठेवा. सकाळी जो आकडा दिसेल तो खरा तुमच्या कामाचा.

माझी फजिती सांगतो. आमच्या झोपायच्या खोलीत आम्ही एसी १८ वर लावून झोपायचो. पलीकडच्या खोलीत त्याच भिंतीला पुस्तकांचं कपाट होतं. वर्षभराने खालच्या कप्प्यातलं एक पुस्तक ओढलं तर शेजारची दोन त्याला चिकटून बाहेर आली, आणि नाकात तो ओळखीचा कुबट वास. बोलावलेल्या कारागिराने छातीठोकपणे ‘पाइप गळतोय’ सांगितलं आणि बाथरूमच्या फरशा उखडल्या. गळती कुठेच नव्हती. एसीने भिंत एका बाजूने गार केली होती आणि दुसऱ्या बाजूच्या दमट खोलीत तिला घाम फुटत होता. नवीन फरशा बसवून झाल्यावर मला हे कळलं. तेव्हापासून एसी २५ वर असतो आणि पुस्तकांचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे.

आता ४० ते ६० कुठून आले? वेगवेगळ्या कारणांचे काठ जिथे जुळतात तो हा मधला पट्टा आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ६० च्या खाली राहा म्हणते, जमल्यास ३० ते ५० मध्ये. वरची मर्यादा मुख्यतः बुरशी आणि धुळीतल्या किड्यांमुळे. ३० च्या खाली डोळे चुरचुरतात, नाक आतून सुकतं, ओठ फुटतात, लाकडी दारांना भेगा पडतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. विमानात हवा बरेचदा १० ते २० टक्क्यांवर असते. लांबच्या प्रवासात घसा का सुकतो ते त्यावरून कळेल.

शरीराला मात्र टक्के कळतच नाहीत. आपल्या त्वचेत गार-गरम कळतं, स्पर्श कळतो, पण ओलावा ओळखणारी वेगळी यंत्रणा नाही. मेंदू गारवा आणि स्पर्श यांची बेरीज करून ‘ओलं’ असा अंदाज बांधतो. दोरीवरचे कपडे ओले आहेत की फक्त गार, हे हाताला कळत नाही म्हणून आपण ते गालाला लावून बघतो, आणि तरीही फसतो. दमट हवेचा त्रास होतो तो घामामुळे. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने काहीही थंड होत नाही. म्हणून २४ अंशांना शांत बसलेल्या माणसाला ४५ आणि ६० टक्क्यांतला फरक फारसा कळणार नाही. ३२ अंशांना मात्र तोच माणूस ६० टक्क्यांत चिडचिडा होईल. इमारतींच्या वातानुकूलनाची मानकं ठरवणाऱ्या ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने आरामदायी हवेची वरची मर्यादा टक्क्यांऐवजी वाफेच्या वजनात धरली होती. दवबिंदूच्या भाषेत ती १६.८ अंश भरते. तुमच्या घराचा साडेसतरा, म्हणजे तुम्ही जरा वर आहात. घाबरण्याइतकं नाही, दुर्लक्ष करण्याइतकंही नाही.

सासऱ्यांच्या अ‍ॅलर्जीमुळे तुमच्या घरात मी ५० ही रेघ जास्त गांभीर्याने घेईन. धुळीतले ते सूक्ष्म किडे पाणी पीत नाहीत, हवेतली वाफ अंगात शोषून घेऊन जगतात. आर्द्रता दीर्घकाळ ५० च्या खाली राहिली की ते सुकून मरतात. पण ‘दीर्घकाळ’ या शब्दावर जोर आहे, दिवसातले दोन-चार तास खाली आणून काही होत नाही. शिवाय ते राहतात गादीत आणि उशीत, जिथे झोपलेला माणूस रात्रभर ऊब आणि ओल पुरवत असतो. त्यामुळे सासऱ्यांची चादर आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुणं, उठल्यावर लगेच अंथरूण न आवरता तासभर उघडं ठेवणं, याचा फायदा आधी दिसेल. औषधाचं अर्थातच त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

खिडक्यांच्या भांडणात दोघंही बरोबर आहात, वेगवेगळ्या दिवशी! बाहेरचे टक्के आणि आतले टक्के यांची तुलना करू नका, ती दोन वेगळ्या विषयांच्या गुणांची तुलना आहे. दवबिंदूंची करा. हवामानाच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो दिलेला असतो. बाहेरचा कमी असेल तर उघडा, जास्त असेल तर लावून घ्या. धुकं पडलेली थंड पहाट घ्या: बाहेर १२ अंश, ९५ टक्के. आकडा बघून कुणीही खिडकी लावून घेईल. पण त्या हवेत घनमीटरला दहाच ग्रॅम वाफ आहे. ती आत येऊन २२ अंशांपर्यंत उबली की ५२ टक्क्यांवर येते. धुक्याने तुमचं घर कोरडं होतं, विश्वास बसत नसला तरी. आता पावसाळी दिवस: बाहेर २५ अंश, ९० टक्के, दवबिंदू २३ च्या पुढे. तुमच्या भिंती २२ वर असतील तर त्या दिवशी उघडलेली खिडकी म्हणजे भिंतीवर पाणी मारण्यासारखं. फरशी ओलसर लागते, आरशावर धुकं येतं, आणि मग आपण म्हणतो की घराला ओल आली. तुमच्या नवऱ्याला थंडीचे दिवस आणि कोरडी दुपार देऊन टाका, पावसाळा तुम्ही घ्या. खिडकी उघडायचीच असेल तर दिवसभर फटीएवढी ठेवण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन पंधरा मिनिटं पूर्ण उघडा. हवा बदलते, पण भिंती गार होत नाहीत.

आता ती अर्ध्या लिटरची बाटली आठवा. खोलीभर हवेत पाणी तेवढंच, मग त्यात भर किती पडते बघा. दोन माणसं दार लावून आठ तास झोपली तर श्वास आणि त्वचेतून मिळून साधारण अर्धा लिटर पाणी खोलीत सोडतात.  यंत्रात पिळून काढलेल्या पाच किलो कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरलेलं असतं, ते खोलीत वाळत घातलेत की सगळं हवेत जातं. चार-पाच खोल्यांचं भरेल एवढं! आणि गॅसची शेगडी: स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं. गॅसमधल्या हायड्रोजनचं ते पाणी, भांड्यातून उठणारी वाफ वेगळी. यातलं बरंचसं फटींतून निघून जातं, काही गाद्या, पडदे, भिंती शोषून घेतात आणि नंतर सावकाश परत देतात. म्हणूनच एक दिवस सगळं बंद केलं तरी आकडा लगेच उतरत नाही. आठवडा-दोन आठवडे धीर धरा.

करायचं काय, तर वाफ जिथे तयार होते तिथूनच बाहेर काढायची. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावा आणि नंतरही दहा मिनिटं चालू ठेवा. अंघोळ झाल्यावर बाथरूमचं दार बंद आणि पंखा चालू. आपण नेमकं उलट करतो, ‘बाथरूम वाळू दे’ म्हणून दार उघडं टाकतो आणि सगळी वाफ झोपायच्या खोलीत सोडतो. कपडे आत वाळवावेच लागले तर एकाच खोलीत, दार लावून, पंख्याच्या वाऱ्यावर आणि एक्झॉस्ट असेल तिथे. फक्त पंखा लावून मात्र खोलीतलं पाणी कमी होत नाही, ते कपड्यांतून हवेत जातं इतकंच.

घरात एसी असेल तर डीह्युमिडिफायर तुमच्याकडे आधीच आहे. मुळात एसीचा जन्मच या कामासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडायचे. विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या अभियंत्याने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा त्या छापखान्यासाठी आखली. माणसांच्या सुखाचा विचार नंतर आला. एसीच्या आतली जाळी दवबिंदूच्या बरीच खाली गार असते, हवा तिच्यावरून जाताना पाणी सोडते आणि ते नळीतून बाहेर ठिबकतं. पण खोलीच्या मानाने एसी फार मोठा असेल तर तो पाच मिनिटांत खोली गार करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार आणि चिकट राहते, आणि माणूस आणखी दोन अंश कमी करतो. माझ्यासारखा. त्याऐवजी २५-२६ वर, पंख्याचा वेग कमी, आणि पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड. पाण्याचा कूलर मात्र बरोबर उलटं यंत्र आहे, तो हवेत पाणी घालूनच गारवा देतो. कोरड्या उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून तो उत्तम. दमट दिवसांत त्याला झाकून ठेवा.

ह्युमिडिफायरबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. सकाळी ७६ टक्के असलेल्या घरात हवेत पाणी घालायचं यंत्र चालवणं, आणि त्याच घरासाठी पाणी काढायच्या यंत्राची चौकशी करणं, हे एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना मोठ्याने सांगून बघा. मुलाला बरं वाटत असेल तर कदाचित ऊब आणि लाड यांनी वाटत असेल. ते यंत्र ३० टक्क्यांच्या आसपासच्या सुक्या हवेसाठी आहे. त्यातही ध्वनिलहरींनी तुषार उडवणारं असेल तर नळाच्या पाण्यातले क्षार बारीक पांढऱ्या धुळीसारखे खोलीभर बसतात, आणि टाकी रोज धुतली नाही तर तीत वाढलेले जंतूही त्या तुषारांबरोबर उडतात. धुवा, वाळवा, खोक्यात ठेवा.

डीह्युमिडिफायर आत्ता घेऊ नका. आधी वर सांगितलेलं महिनाभर करून बघा. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा वर राहिला, एसी नसला आणि कपाटातला आकडा ७० च्या खाली येईना, तर जरूर घ्या. तेव्हा खिडक्या-दारं लावूनच चालवा, नाहीतर तो साऱ्या आकाशाला कोरडं करायला निघेल. तो खोली थोडी गरम करतो हेही आधी माहीत असू द्या, वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता आणि मोटरची वीज दोन्ही खोलीतच राहतात. कॅल्शियम क्लोराइडच्या त्या पाणी साठवणाऱ्या डब्या बंद कपाटात कामाच्या आहेत, उघड्या खोलीत अजिबात नाहीत. आणि डांबराच्या गोळ्यांनी ओल कमी होत नाही. त्या कसरीला पळवतात, कुबट वास झाकतात, आणि त्यांची वाफ लहान मुलांसाठी चांगली नाही.

यंत्र तपासायची युक्ती सांगायची राहिली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी वर यायला नको. हे झाकण आणि यंत्र एका हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी ठेवा, मीठ यंत्राला लागू देऊ नका. ऊन किंवा पंखा लागणार नाही अशा जागी रात्रभर राहू द्या. अशा मिठावरची हवा आपोआप ७५ टक्क्यांवर स्थिरावते, खोली २० अंशांवर असो की ३० वर. डब्यातून न काढता वाचा. ७९ दाखवत असेल तर तुमचं यंत्र चार जास्त बोलतं, यापुढे चार वजा करा. स्वस्त यंत्रात पाच टक्क्यांची चूक नवलाची नाही. तसंही हे मोजमाप एकेकाळी एका केसावर चालायचं: होरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. अगदी कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत केस दोन-अडीच टक्क्यांनी लांब होतो, काटा फिरवायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात केस ऐकत नाहीत ही तक्रार म्हणजे एक मोजमापच आहे.

आता पर्स आणि कपाट. पर्स घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, किंचित ओलसर फडक्याने पुसा. कोरड्या ब्रशने झटकू नका, बुरशीचे बीजाणू सगळीकडे उडतात. मग सावलीत वाऱ्यावर दोन दिवस वाळू द्या. भिंतीवरचा डाग हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकवा. त्याच्यावरून रंग मारायचा मोह आवरा, दोन महिन्यांत तो रंगासकट बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही बुरशी ‘एवढी असली तर चालेल’ असा आकडा दिलेला नाही, ओल आणि बुरशी होऊ न देणं हाच उपाय सांगितला आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालून-वरून हवा जायला जागा ठेवा, आणि कोंबलेले कपडे थोडे कमी करा. कपाट आतल्या भिंतीला नेता आलं तर उत्तमच.

पण कपाट परत लावायच्या आधी एक खात्री करून घ्या. भिंत कोरडी करून तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा डाग होता तिथे ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा, आणि वर लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी आहे. पाणी फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला निघालं, किंवा भिंतीला लोणा लागून पोपडे सुटत असतील, तर ती ओल भिंतीतून येते आहे. मग टक्के, दवबिंदू, खिडक्या काही कामाचं नाही, गळती शोधणारा माणूस बोलवा. फक्त त्याला फरशा उखडू देण्याआधी फॉइल दाखवा.